सुट्टी झाली, पण गाडी गेली

आमच्या मराठवाड्यात दवाखान्यातून डिस्चार्ज मिळत नाही, ‘सुट्टी’ होते. ‘आज सुट्टी देणार का?’ हा प्रश्न सकाळच्या राउंडला प्रत्येक वॉर्डात दहा वेळा विचारला जातो. डॉक्टरांनी मान हलवली की खाटेखालची पिशवी बाहेर निघते, चादरीची घडी होते, डबा विसळला जातो आणि गावाकडे फोन जातो. त्या क्षणापासून रुग्ण खरोखर दाराबाहेर पडेपर्यंत रुग्णालयात नेमके काय घडते, हे मला रुग्णालय प्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाने पाहायला शिकवले. त्या दोन वर्षांतल्या पुष्कळ गोष्टी मी आता विसरले आहे, काही तर मुद्दाम विसरले आहे. ही मात्र विसरता आलेली नाही.

२०२२ च्या हिवाळ्यात मी आजच्या छत्रपती संभाजीनगरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात प्रशिक्षणार्थी होते. प्रबंधासाठी मी ‘सुट्टीला लागणारा वेळ’ हा विषय घेतला होता आणि मार्गदर्शकांनी पहिल्याच दिवशी बजावले होते की संगणकातल्या नोंदी पाहून काही लिहायचे नाही, फाइलीच्या मागे स्वतः चालायचे. त्याप्रमाणे एका सकाळी मी घनसावंगी तालुक्यातल्या एका आजोबांच्या फाइलीमागे निघाले. आजोबांची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी झालेली होती, स्टेंट बसला होता, तब्येत उत्तम होती, आणि साडेदहाला हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांना ‘आता घरी जाऊन हुरडा खा’ असे सांगून सुट्टी दिली होती. (हुरड्यावरचे मीठ जपून, हेही त्यांनी सांगितले होते.)

ज्यांनी डिस्चार्ज कार्ड लिहायचे ते निवासी डॉक्टर राउंड संपताच कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या विभागात, गेले आणि पावणेएकला परत आले. तोवर फाइल नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर होती आणि मी तिच्याशेजारी उभी होते. त्यानंतर उरलेली औषधे फार्मसीला परत करायची होती, म्हणजे सिस्टरने त्यांची यादी करायची, वॉर्डबॉयने, म्हणजे मामांनी, ती खाली न्यायची आणि फार्मसीने जमा करून घ्यायची. पण दोन वाजता पाळी बदलते, त्यामुळे सकाळच्या सिस्टरने ‘दुपारची करेल’ म्हटले आणि दुपारच्या सिस्टरने आधी आपला हॅंडओव्हर घेतला. औषधे जमा झाली तेव्हा योजनेचे कागद पाहणाऱ्या टेबलावर लक्षात आले की स्टेंटच्या खोक्यावरचा स्टिकर फाइलीत चिकटवलेलाच नाही. तो कॅथलॅबच्या रजिस्टरात होता. तो मिळून, त्याची प्रत निघून, योजनेच्या कागदांसाठी आजोबांचा सुट्टीच्या वेळचा फोटो काढून होईपर्यंत पाच वाजायला आले होते. दरम्यान आजोबांचा नातू तीनदा येऊन गेला. तिसऱ्या वेळी त्याने शांतपणे विचारले, “म्याडम, सुट्टी तर सकाळीच झाली म्हणले, मंग आम्ही अजून इथं कामून?” माझ्याकडे घड्याळ होते, तक्ता होता, पाच वेगवेगळ्या रंगांची पेने होती; उत्तर नव्हते.

त्यांच्या गावाकडे जाणारी शेवटची थेट एसटी तोवर निघून गेली होती. आजोबा आणि नातू त्या रात्री रुग्णालयाच्याच पडवीत झोपले. याच योजनेच्या पॅकेजमध्ये रुग्णाला घरी परतण्यासाठी एक वेळच्या प्रवासभाड्याची तरतूद असते, आणि त्या भाड्याच्या रकमेवर आजोबांचा अंगठाही घेतला गेला होता. गाडीचे भाडे देण्याची व्यवस्था सरकारने केली होती आणि गाडी चुकवण्याची व्यवस्था आम्ही केली होती.

त्या दिवशी कोणीही कामचुकारपणा केला नव्हता, हे मला आजही सर्वांत महत्त्वाचे वाटते. डॉक्टर दुसऱ्या रुग्णाच्या हृदयात तार सरकवत होते, सिस्टरकडे तीसहून अधिक रुग्ण होते, मामा एकाच चालू लिफ्टची वाट पाहत होते. प्रत्येक माणूस आपल्या जागी बरोबर होता. दोन माणसांच्या मधल्या जागेत फाइल पडून होती, आणि ती मधली जागा कोणाच्याच कामाच्या वर्णनात लिहिलेली नव्हती. रुग्णालय प्रशासन म्हणजे काय असे मला कोणी विचारले तर मी या मधल्या जागेकडे बोट दाखवते.

आता थोडे माझ्याविषयी, कारण या अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुला-मुलींचा वाट चुकल्याचा समज त्यांच्याच घरात असतो. मी बी.ए.एम.एस. आहे. लातूरला शिकले. इंटर्नशिप संपल्यावर मी दवाखाना टाकणार, निदान एखाद्या मोठ्या डॉक्टरांकडे आरएमओ, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी, म्हणून लागणार, असे आमच्या अण्णांनी गृहीत धरले होते. मी रुग्णालय प्रशासनाला प्रवेश घेते म्हटल्यावर आत्या म्हणाल्या, “म्हणजे डॉक्टर होऊन काउंटरवर बसणार का माय तू?” या प्रश्नात अपमान करण्याचा हेतू नव्हता. आमच्या भागात दवाखाना म्हणजे एक डॉक्टर, त्यांचे नाव, आणि बाहेर बसलेला कंपाउंडर एवढेच चित्र पिढ्यानपिढ्या होते. पन्नास-शंभर खाटांचे रुग्णालय चालवणे हे डॉक्टरकीहून वेगळे असे शिकण्याचे काम आहे, ही कल्पनाच नवी आहे.

अभ्यासक्रमांचे प्रकार समजून घेणे मात्र आवश्यक आहे, कारण नावे सारखी आणि वाटा वेगळ्या आहेत. एम.बी.बी.एस. झालेल्यांसाठी रुग्णालय प्रशासनात तीन वर्षांची एम.डी. आहे, दिल्लीचे एम्स आणि पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय ही त्यातली जुनी, मान्यवर ठिकाणे. बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे दंतवैद्य, आयुर्वेद आणि होमिओपॅथीचे पदवीधर, परिचारिका, फार्मसीवाले आणि अगदी वाणिज्य शाखेचे पदवीधर यांच्यासाठीसुद्धा, दोन वर्षांचा एम.एच.ए. (मास्टर ऑफ हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन) किंवा त्याच धर्तीचा एम.बी.ए. असतो. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा अभ्यासक्रम यात सर्वांत परिचित आहे. गंमत अशी की त्याच संस्थेचे ग्रामीण संकुल १९८६ पासून आमच्या तुळजापुरात आहे. पण तिथे ग्रामविकास शिकवतात आणि रुग्णालय शिकायला मुंबईला जावे लागते. मी यांपैकी कोणत्या संस्थेत शिकले ते इथे सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रार करायची आहे.

पहिल्या वर्षी आम्हाला जे शिकवले त्यात गणित अनपेक्षितपणे कामाचे निघाले. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६१ मध्ये रांगेविषयीचा एक नियम गणिताने सिद्ध केला. तो इतका साधा आहे की ऐकल्यावर ‘यात काय मोठे’ असेच वाटते: आत असलेल्यांची संख्या म्हणजे रोज येणाऱ्यांची संख्या गुणिले प्रत्येकाच्या मुक्कामाचा काळ. दररोज ३० रुग्ण भरती होत असतील आणि प्रत्येक जण सरासरी ४ दिवस राहत असेल, तर १२० खाटा भरलेल्या असणार. मुक्काम साडेतीन दिवसांवर आला तर १०५. एक वीटही न रचता १५ खाटा मोकळ्या झाल्या. आता आजोबांकडे परत या. रोज ३० जणांची सुट्टी होत असेल आणि प्रत्येक जण डॉक्टरांनी ‘जा’ म्हटल्यावर ६ तास खाटेवर बसून राहत असेल, तर १८० खाट-तास वाया जातात. म्हणजे साडेसात खाटा रोज दिवसभर अशा लोकांनी अडवलेल्या असतात ज्यांना तिथे अजिबात राहायचे नाही. आणि त्याच वेळी खाली कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवरच्या माणसाला ‘खाट रिकामी नाही’ असे सांगितले जात असते. हे गणित मी कागदावर पहिल्यांदा मांडले तेव्हा रुग्णालयाच्या विश्वस्तांकडे पुरवणी इमारतीचा आराखडा विचाराधीन होता. माझा प्रबंध त्यांनी वाचला की नाही हे मला माहीत नाही. इमारत बांधली गेली आहे.

औषधभांडाराचा विषय वर्गात सर्वांना कंटाळवाणा वाटायचा, मलाही. त्यात दोन गाळण्या शिकवतात. एक खर्चाची: थोड्याच वस्तूंवर बहुतेक पैसा जातो, साधारणपणे १० टक्के वस्तूंवर ७० टक्के, त्या ‘अ’ गटात, मधल्या ‘ब’ गटात आणि स्वस्त, पुष्कळ असणाऱ्या ‘क’ गटात. दुसरी गरजेची: जिच्यावाचून जीव जातो ती, जिच्यावाचून उपचार अडतो ती, आणि नसली तरी चालते ती. दोन्ही गाळण्या एकमेकींवर ठेवल्या की भांडारपालाने कशावर रोज डोळा ठेवायचा ते कळते. पुस्तकात उदाहरण कुठल्या तरी महागड्या प्रतिजैविकाचे होते. आमच्या भागातले उदाहरण सर्पदंशावरच्या लसीचे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणाऱ्या या प्रतिविषाच्या कुप्या वर्षभराच्या औषधखर्चात कुठेतरी खालच्या बाजूला दिसतात, म्हणून खर्चाची गाळणी त्यांच्याकडे बघत नाही; गरजेच्या गाळणीत मात्र त्या सर्वांत वर आहेत. शिवाय वार्षिक सरासरी इथे सरळ सरळ फसवते. समजा, वर्षाला १२० कुप्या लागतात, म्हणून महिन्याला १० मागवल्या. आता मृग बरसला, पेरणी सुरू झाली, आणि एका रात्री विषबाधेची लक्षणे असलेले दोन शेतमजूर आले. एकेका रुग्णाला सुरुवातीलाच साधारण १० कुप्या द्याव्या लागतात. दुसऱ्या मजुराचे काय करायचे हे त्या सरासरीत लिहिलेले नसते.

याला जोडून आणखी एक गोष्ट, जी मला वर्गात नव्हे तर एका तालुक्याच्या गावातल्या फार्मासिस्टने सांगितली. हे प्रतिविष द्रवरूपात घेतले तर ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. भुकटीच्या रूपातले साध्या तापमानातही टिकते. वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसलेल्या ठिकाणी कोणते मागवायचे, हा खरेदीच्या दरापेक्षा महत्त्वाचा प्रश्न आहे. ते गृहस्थ डी.फार्म. होते, वीस वर्षे त्याच टेबलावर होते, आणि त्यांनी मला दिलेल्या पंधरा मिनिटांची बरोबरी ‘साहित्य व्यवस्थापन’ या चार श्रेयांकांच्या पेपरला करता आली नाही.

आता पाण्याकडे येते; इथेच माझी खरी तक्रार आहे.

रुग्णालय नियोजनाच्या पेपरात पाण्याला एक परिच्छेद होता. भारतीय मानकाप्रमाणे १०० पर्यंत खाटांच्या रुग्णालयाला दर खाटेमागे दिवसाला ३४० लिटर आणि त्याहून मोठ्या रुग्णालयाला ४५० लिटर पाणी धरायचे, कपडे धुण्याच्या पाण्यासह. परीक्षेत हे आकडे लिहिले की दोन गुण. पाणी येणार कुठून, हा प्रश्न शिकवणाऱ्यांना पडला नाही, कारण ते ज्या शहरांत वाढले तिथे तो पडत नाही. मी मात्र एप्रिल २०१६ मध्ये लातूरला वसतिगृहात होते. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, तिला ‘जलदूत’ म्हणत, आणि तिचे स्वागत करायला लोक स्थानकावर गेले होते. त्या उन्हाळ्यात शहरातल्या दवाखान्यांनी नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याचे आम्ही विद्यार्थी रोज ऐकत होतो. म्हणून वर्गात मी हात वर करून विचारले की पाणी निम्मेच मिळाले तर कोणता विभाग आधी बंद करायचा. सरांनी ‘तो आपत्ती व्यवस्थापनाचा भाग आहे’ असे सांगितले. आपत्ती व्यवस्थापनाच्या सरांनी भूकंप, आग आणि बॉम्बस्फोट शिकवले.

मराठवाड्यात पाणीटंचाई ही आपत्ती नसून ऋतू आहे. मी आता लातूरच्या ज्या रुग्णालयात काम करते तिथे १५० खाटा आहेत. मानकाप्रमाणे रोज ६७,५०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ सात टँकर. मे महिन्यात सात टँकर रोज मिळत नाहीत, आणि मिळाले तरी त्यांचे पैसे कोणत्या खर्चशीर्षकाखाली घालायचे यावर लेखापालांशी माझा वाद होतो. म्हणून नोकरीला लागल्यावर पहिल्या उन्हाळ्यात मी तेच केले जे प्रबंधासाठी केले होते. फाइलीऐवजी पाण्यामागे चालले. धुलाईघर, निर्जंतुकीकरण विभाग, शस्त्रक्रियागृह, स्वच्छतागृहे, स्वयंपाकघर हे सगळे अपेक्षित होते. डायलिसिसने मात्र मला चकित केले. एका रुग्णाच्या चार तासांच्या डायलिसिसमध्ये मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने १२० लिटर अतिशुद्ध द्राव वाहून जातो. तो तयार करणारे आरओ यंत्र त्याखेरीज बरेच पाणी ‘नाकारलेले’ म्हणून गटारात सोडते. ते पाणी क्षारयुक्त असते, घाण नसते. आम्ही एक साधी नळी टाकून ते गच्चीवरच्या वेगळ्या टाकीत चढवले आणि तळमजल्याच्या शौचालयांना दिले. प्लंबर, मी आणि रुग्णालयातली यंत्रे सांभाळणारा बायोमेडिकलचा मुलगा अशा तिघांनी दोन रविवारांत केलेले ते काम मला माझ्या पदवीपेक्षा जास्त अभिमानाचे वाटते.

मानकाच्या आकड्यात आणखी एक मेख आहे. तो खाटेमागे आहे, माणसांमागे नाही. आमच्याकडे एका खाटेबरोबर किमान दोन नातेवाईक येतात, बाळंतीण असेल तर चार, आणि म्हातारे माणूस अतिदक्षता विभागात असेल तर अर्धे गाव येऊन जाते. ते सगळे हातपाय धुतात, पाणी पितात, डबे घासतात, लुगडी पिळून व्हरांड्याच्या कठड्यावर वाळत घालतात. ‘नातेवाइकांची गर्दी नियंत्रित करावी’ असे पुस्तक सांगते. पण सिस्टरची संख्या पुरेशी नसलेल्या वॉर्डात रुग्णाला कुशीवर वळवणारा, बेडपॅन देणारा, सलाईन संपत आल्याचे ओरडून सांगणारा माणूस हाच नातेवाईक असतो. त्याला बाहेर काढायचे आणि त्याच्या कामाला माणूस नेमायचा नाही, हे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. त्यापेक्षा त्याचे पाणी हिशेबात धरावे.

रुग्णालयांच्या राष्ट्रीय गुणवत्ता मानांकनाविषयी, म्हणजे एनएबीएचविषयी, थोडक्यात लिहिते. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मी शिकत होते तेव्हा २०२० ची पाचवी आवृत्ती लागू होती: १० प्रकरणे, १०० मानके, ६५१ घटक. पहिली पाच प्रकरणे रुग्णाभोवतीची आणि नंतरची पाच संस्थेभोवतीची. मानके चांगली आहेत, विचार करून लिहिलेली आहेत. अडचण अशी की तपासणीची तारीख ठरली की तीन महिने आधी रुग्णालयात एक वेगळेच लेखनकार्य सुरू होते. न झालेल्या बैठकांची इतिवृत्ते तयार होतात, आणि हात धुण्याच्या सहा पायऱ्या नळ कोरडा असलेल्या बेसिनवरही चिकटवल्या जातात. अशा एका ठिकाणी मीही रात्री अकरापर्यंत बसून मागच्या तारखांचे तक्ते भरलेले आहेत. ते सांगायला मला आनंद होत नाही.

या शिक्षणात मला जे सर्वांत कमी मिळाले ते म्हणजे नको तिथे बोट ठेवण्याचे धैर्य. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, विधिमंडळात आला, सरकारने समिती नेमली. त्यावर गरिबी, मुकादमाची उचल, पाळीच्या दिवसांतला बुडणारा रोज, स्त्रियांच्या मनात घातलेली कर्करोगाची भीती अशा अंगांनी योग्यच लिहिले गेले. पण रुग्णालय प्रशासनाच्या विद्यार्थ्याने त्यातला एक प्रश्न विचारायला हवा होता: काढलेल्या अवयवाचा तपासणी अहवाल आणि शस्त्रक्रियेआधी लिहिलेले निदान हे दोन कागद शेजारी ठेवून कोणी पाहत होते का? ‘टिश्यू ऑडिट’ नावाची ही पद्धत आम्हाला अर्ध्या तासात शिकवली गेली, परीक्षेत तिच्यावर टीप आली, आणि बीडहून आलेल्या दोन मुली त्या वर्गात बसलेल्या असूनही बीडचे नाव वर्गात निघाले नाही. महसुलाचा अहवाल दर महिन्याला मागणारे व्यवस्थापन हा अहवाल मागत नसेल तर तो तयार होत नाही. तो मागणे हे प्रशासकाचे काम आहे, आणि ज्यांच्या शस्त्रक्रियांवर रुग्णालय चालते त्यांच्याविरुद्ध तो मागावा लागतो, म्हणून ते अवघड आहे.

सरकारी रुग्णालयांची गोष्ट निराळी आहे आणि मी तिथे नोकरी केलेली नाही, त्यामुळे जपून लिहिते. सप्टेंबर २०२३ च्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, त्यांत नवजात बालकेही होती. त्यानंतर पाहणीला आलेल्या एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू दिला आणि कॅमेऱ्यांसमोर त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले. ते दृश्य पाहताना माझ्या मनात आले की अधिष्ठाता हे आधी आपल्या विषयाचे प्राध्यापक असतात. सेवाज्येष्ठतेने त्यांच्याकडे शेकडो खाटा, कंत्राटी सफाई, रिक्त पदे, ऑक्सिजनची टाकी, आगीची यंत्रणा आणि औषधखरेदी हे सगळे येते, आणि यातल्या एकाही गोष्टीचे पद्धतशीर प्रशिक्षण त्यांच्या एम.डी. किंवा एम.एस. मध्ये नसते. औषधखरेदीसाठी राज्याने २०२३ मध्येच कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण स्थापले. पण प्राधिकरणाकडे मागणी जायची ती खालून, आणि ती बरोबर काढायची तर वर सांगितलेल्या दोन गाळण्या वापरता येणारा माणूस प्रत्येक रुग्णालयात हवा. वैद्यकीय अधीक्षकांच्या हाताखाली असा एक प्रशिक्षित माणूस, पूर्ण वेळ, नियमित वेतनावर, एवढी माझी मागणी आहे. डॉक्टरांची जागा आम्हाला नको आहे.

जे विद्यार्थी मला संदेश पाठवून ‘कोणते कॉलेज घेऊ’ असे विचारतात त्यांना मी एकच गोष्ट पाहायला सांगते: प्रत्यक्ष रुग्णालयात किती महिने पाठवतात आणि कुठे. वातानुकूलित स्वागतकक्ष असलेल्या कॉर्पोरेट रुग्णालयात आठ आठवडे ‘रुग्णसमाधान सर्वेक्षण’ भरून घेतलेला विद्यार्थी सादरीकरण उत्तम करतो. पण उपजिल्हा रुग्णालयात एक पावसाळा काढलेल्याला रेफरची चिठ्ठी, १०८ ची वाट, शवविच्छेदनासाठी ताटकळणारे नातेवाईक आणि पोलिसांचा पंचनामा हे सगळे कळते. पगाराची सुरुवात कमीच असते, हेही आधी सांगून ठेवते. अण्णांना मी दोन वर्षे खरा आकडा सांगितला नव्हता.

लातूरला आल्यावर मी सुट्टीच्या प्रश्नाला पुन्हा हात घातला. बदल फार मोठे नव्हते. आदल्या संध्याकाळी ‘उद्याची संभाव्य सुट्टी’ अशी यादी प्रत्येक वॉर्डात करायची, कार्डाचा मसुदा रात्रपाळीच्या डॉक्टरांनी लिहून ठेवायचा, औषधे रात्रीच परत करायची, आणि इम्प्लांटचा, म्हणजे स्टेंटसारख्या शरीरात बसवलेल्या वस्तूचा, स्टिकर रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर येतानाच फाइलीत असल्याखेरीज वॉर्डाने फाइल स्वीकारायची नाही. पहिला विरोध वरिष्ठ डॉक्टरांकडून झाला. रात्री रुग्ण बिघडला तर यादीचे काय, असे त्यांचे म्हणणे होते आणि ते बरोबर होते. म्हणून यादी पेन्सिलीने लिहायचे ठरले आणि सकाळच्या राउंडनंतर तिच्यावर पेन फिरवायचे. दुसरा विरोध, जो मला अपेक्षित नव्हता, तो बिलिंगच्या मुलांचा होता. सगळ्या फाइली सकाळी एकदम आल्या तर आधी कोणाची घ्यायची?

यावर बैठकीत बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाले रोखवाले आधी, कोणी म्हणाले विमावाले आधी कारण त्यांच्या मंजुरीला वेळ लागतो, कोणी म्हणाले खाट क्रमांकाने. मी घनसावंगीच्या आजोबांची गोष्ट सांगितली आणि सुट्टीच्या रजिस्टरात दोन रकाने वाढवले: ‘गाव’ आणि ‘शेवटची गाडी’. ज्याची गाडी आधी त्याची फाइल आधी. लातूर शहरातले आणि स्वतःच्या वाहनाने जाणारे शेवटी.

गाड्यांच्या वेळा मी बसस्थानकावर जाऊन लिहून आणल्या होत्या आणि तक्ता छापून नर्सिंग स्टेशनच्या भिंतीवर लावला होता. आठवडाभरात आमच्या पुरुष वॉर्डच्या मामांनी, जे स्वतः रोज रेणापूरच्या बाजूने एसटीने येतात, त्या तक्त्यावर पेन्सिलीने तीन ठिकाणी काट मारली. मी विचारले तेव्हा म्हणाले, “म्याडम, ह्या गाड्या कागदावर हायत. उन्हाळ्यात सुटत न्हाईत.” आता तो तक्ता मामाच ठेवतात.